रिलक्टंट: इच्छा नाही, पण नकारही नाही

प्रश्न थोडक्यात असा: शब्दकोश 'रिलक्टंट'ला 'नाखूष, अनिच्छुक' म्हणतो आणि 'अनविलिंग'लाही तेच म्हणतो, मग दोघांत फरक काय? शिवाय ऑफिसच्या मेलमध्ये 'आय ॲम रिलक्टंट टू अटेंड द मीटिंग' असं लिहिल्यावर सहकाऱ्याने 'हे जरा उद्धट वाटतं' असं सांगितलं, त्यात तथ्य आहे का? मेलचं शेवटी बघू, कारण त्याआधी या शब्दाचा स्वभाव कळायला हवा.

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणं आणि अनुवाद शिकणाऱ्यांचे कागद तपासणं हे माझं रोजचं काम. अवघड शब्द लोक कोशात बघतात, त्यामुळे तिथे फारसं चुकत नाही. चुकतं ते 'रिलक्टंट'सारख्या शब्दांपाशी, कारण त्यांचा अर्थ आपल्याला येतो अशी प्रत्येकाची खात्री असते.

दोन वाक्यं घ्या. 'ही वॉज अनविलिंग टू साइन द पेपर्स' आणि 'ही वॉज रिलक्टंट टू साइन द पेपर्स'. पहिलं वाचल्यावर सही झाली नाही असंच इंग्रजी वाचक धरून चालतो. त्याची तयारी नव्हती, विषय जवळपास मिटला. दुसरं वाचल्यावर तोच वाचक पुढच्या वाक्याची वाट बघतो. सही करायचं मनात नव्हतं, ठीक आहे. मग पुढे काय झालं? केली की नाही? 'रिलक्टंट' म्हटलं की मन मागे ओढतंय आणि काहीतरी पुढे ढकलतंय, अशा दोन्ही गोष्टी एकदम आल्या. ढकलणारं काहीही असू शकतं: घरच्यांचा आग्रह, वरिष्ठांचा दबाव, कर्तव्याची जाणीव, भीड, कधीकधी स्वतःचाच फायदा. हा रेटा नसेल तर शब्द वापरायचं कारणच उरत नाही. ज्याला लग्नाला कोणी बोलावलेलंच नाही, तो लग्नाला जायला 'रिलक्टंट' कसा असेल?

आता तिसरं वाक्य: 'ही रिलक्टंटली साइन्ड द पेपर्स'. इथे निकाल लागलेला आहे, सही झाली. 'रिलक्टंट' हे विशेषण निकाल उघडा ठेवतं आणि 'रिलक्टंटली' हे क्रियाविशेषण पुढची क्रिया घडली असं सांगून मोकळं होतं. हा फरक हातातून निसटला की अनुवादात गोष्टच बदलते. 'द मिनिस्टर वॉज रिलक्टंट टू रिझाइन' याचं 'मंत्र्यांनी नाखुशीने राजीनामा दिला' असं भाषांतर मी छापील मजकुरातही पाहिलं आहे. मूळ वाक्यात राजीनामा दिला असं म्हटलेलंच नाही!

याच्या उलट बाजूचा एक सापळा आहे. 'शी रिलक्टंटली डिक्लाइन्ड द ऑफर.' पुष्कळ जण घाईत याचा अर्थ 'तिला ती ऑफर नकोच होती' असा लावतात, कारण डोक्यात 'रिलक्टंट म्हणजे इच्छा नसणे' एवढंच बसलेलं असतं. पण इच्छा कशाची नव्हती? नाकारण्याची. म्हणजे तिला ती ऑफर हवी होती, नाही म्हणणं जिवावर आलं होतं, काही कारणाने म्हणावं लागलं. मराठीत 'तिने नाइलाजाने ती ऑफर नाकारली' म्हटलं की अर्थ बरोबर उतरतो. 'रिलक्टंटली' ज्या क्रियापदाला चिकटलं आहे त्याच क्रियेबद्दल मन मागे ओढत असतं, हे एकदा लक्षात ठेवलं की असल्या वाक्यांत गोंधळ होत नाही.

शब्दाचं मूळ बघितलं तर ही ओढाताण तिथेच सापडते. लॅटिनमध्ये 'लुक्तारी' म्हणजे कुस्ती खेळणं, झुंजणं. त्याला 'रे' लागून 'रेलुक्तारी' म्हणजे उलट झुंजणं, प्रतिकार करणं. इंग्रजीत सुरुवातीला हा अंगाचा प्रतिकारच होता. मिल्टनच्या 1667 साली प्रसिद्ध झालेल्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये सैतानाचा साप होतो त्या प्रसंगी त्याला 'रिलक्टंट' म्हटलं आहे आणि पुढे लगेच 'पण व्यर्थ' असं जोडलं आहे. तिथे अर्थ 'नाखूष' असा नाही. तो धडपडतोय, झटापट करतोय, पण रूपांतर थांबत नाही. पुढे ही झटापट शरीरातून मनात गेली आणि आजचा अर्थ आला. 'इनिलक्टबल' हा जड इंग्रजी शब्द याच कुळातला: ज्याच्याशी झुंजून सुटका नाही ते, म्हणजे अटळ.

'अनविलिंग'ला मात्र एक अपवाद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. हा शब्द नामाच्या आधी बसला की त्याचा सूर बदलतो. 'ॲन अनविलिंग अकॉम्प्लिस' म्हणजे गुन्ह्यात सामील झालेला, पण मनाविरुद्ध. इथे कृती घडलेली आहे आणि 'अनविलिंग'मध्ये जबरदस्तीचा वास आहे. 'अ रिलक्टंट अकॉम्प्लिस' म्हटलं तर तो का-कू करत करत सामील झाला, म्हणजे थोडा दोष त्याच्याही पदरात पडला. वकिलाला हा फरक चांगलाच कळेल. म्हणूनच जिथे निवडीला जागाच नव्हती तिथे 'रिलक्टंटली' हास्यास्पद होतं. 'त्याने चाकू लावला आणि मी रिलक्टंटली पाकीट दिलं' हे वाक्य इंग्रजी माणूस मुद्दाम विनोद म्हणूनच लिहील.

आता मराठीकडे येऊ. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे, कारण या एका शब्दासाठी आपल्याकडे भरपूर माल आहे आणि कोशात त्यातला सर्वात निर्जीव तेवढा दिलेला असतो. 'अनिच्छुक' हा शब्द बोलताना कोणी वापरतं का? निवडणूक लढवायला अनिच्छुक, यापलीकडे तो फारसा जात नाही. 'अनिच्छेने' त्यातल्या त्यात चालतो. कुठेही बसतो आणि कुठेच खुलत नाही.

'जिवावर येणे' हा माझा पहिला पर्याय. 'आय वॉज रिलक्टंट टू लीव्ह' म्हणजे 'मला निघायचं जिवावर आलं होतं'. वाक्याची ठेवण कशी बदलली बघा. इंग्रजीत 'मी असा असा होतो', म्हणजे विशेषण माणसाला चिकटलेलं. मराठीत 'मला' आलं, आणि नकोसेपण बाहेरून येऊन माणसावर बसलं. आपल्याकडे भूक 'मला' लागते, कंटाळा 'मला' येतो, तसंच हे. 'मी निघण्यास नाखूष होतो' असं लिहिणारा इंग्रजी ठेवण मराठीत ओढून आणतो, मग वाक्य कितीही शुद्ध असलं तरी कानाला खुपतं.

याहून देखणा पर्याय आपल्या व्याकरणातच आहे आणि तो फार कमी जणांना सुचतो: शक्य क्रियापद, तेही नकारात. 'सांगवत नाही', 'बघवत नाही', 'उठवेना', 'सोडवेना'. 'शी वॉज रिलक्टंट टू लीव्ह द हाउस शी ग्रू अप इन' याचं 'ज्या घरात ती वाढली ते घर सोडण्यास ती अनुत्सुक होती' असं भाषांतर माझ्यापुढे आलं होतं. व्याकरण ठीक, पण घर सोडतानाचं काहीच त्यात नाही. 'जिथे लहानाची मोठी झाली ते घर तिला सोडवेना' म्हणा. किंवा 'घरातून तिचा पाय निघेना'. दोन्हीत सोडणं अजून झालेलं नाही, होणार आहे असं वाटतं, आणि मन अडकलंय. म्हणजे 'रिलक्टंट'चा उघडा निकालही जपला गेला. अट एकच, विरोध मायेचा किंवा दुःखाचा हवा. कर भरायला 'रिलक्टंट' असलेल्या माणसाबद्दल 'त्याला कर भरवेना' म्हटलंत तर लोक त्याची कीव करतील.

'हो-नाही करता करता', 'का-कू करत', 'आढेवेढे घेत' ही तिन्ही 'रिलक्टंटली ॲग्रीड'साठी उपयोगी, पण त्यांचे स्वभाव वेगळे. हो-नाही करणाऱ्याचा निर्णय खरोखर होत नसतो. का-कू करणाऱ्याचा निर्णय झालेला असतो, फक्त तो तोंडाने सांगत नाही. आढेवेढ्यांत थोडा देखावा आला: गायकाला गाण्याचा आग्रह केला की तो घेतो ते आढेवेढे, कारण गायचं त्याच्या मनात असतंच. म्हणून 'द विटनेस रिलक्टंटली आन्सर्ड'ला 'साक्षीदाराने आढेवेढे घेत उत्तर दिलं' म्हणताना विचार करा. साक्षीदार बिचारा घाबरलेला असेल तर त्याच्यावर अन्याय होतो. 'कचरणे' आणि 'न धजणे' यांत भीती आहे, 'कुरकुरत' आणि 'खळखळ करत' यांत बोलून दाखवलेली नाराजी आहे, 'जड अंतःकरणाने'मध्ये दुःख. 'रिलक्टंट'मध्ये यातलं काहीही असू शकतं, म्हणून संदर्भातून कारण शोधायचं आणि मग मराठी शब्द निवडायचा. कारण न शोधता निवडता येणारा एकच शब्द म्हणजे ते बापुडं 'अनिच्छेने'.

'नाइलाजाने'बद्दल जरा जपून. सर्वांचा आवडता पर्याय आहे, वर मीही वापरला, पण तो सगळी जबाबदारी परिस्थितीवर टाकतो: दुसरा इलाजच नव्हता. 'रिलक्टंटली'मध्ये इलाज असू शकतो. 'शी रिलक्टंटली लेंट हिम हर स्कूटर': ती नाही म्हणू शकत होती, तरी दिली. इथे 'मनात नसताना दिली' हे जास्त खरं.

आणि काही वाक्यांत मनाचा प्रश्नच नसतो. 'डॉक्टर्स आर रिलक्टंट टू प्रिस्क्राइब अँटिबायोटिक्स फॉर अ कॉमन कोल्ड.' हे डॉक्टर नाखूष नाहीत, कचरत नाहीत, आढेवेढेही घेत नाहीत. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, अँटिबायोटिक्स जिवाणूंवर चालतात, म्हणून ते देत नाहीत. पण काही रुग्णांत वेगळं कारण असलं तर देतील. मराठीत याला साधा सरळ उपाय आहे: 'साध्या सर्दीला डॉक्टर शक्यतो अँटिबायोटिक्स देत नाहीत'. 'शक्यतो' या एका शब्दात उघडं दार आलं आणि भावना गळाल्या. संस्था, कंपन्या, न्यायालयं यांच्याबद्दल 'रिलक्टंट' आलं की मी आधी 'शक्यतो' किंवा 'सहसा' लावून बघतो. दहातल्या सात-आठ वेळा तेवढ्यावर भागतं. बँक कर्ज द्यायला 'रिलक्टंट' असेल तर 'हात आखडता घेते' हा वाक्प्रचार तयारच आहे.

शेजारच्या शब्दांपैकी 'हेझिटंट' सर्वात जवळचा आणि म्हणून सर्वात जास्त घोळ घालणारा. त्याच्या मुळाशी अडकणं, अडखळणं आहे. हेझिटंट माणसाचं ठरलेलं नसतं. रिलक्टंट माणसाचं मन एका बाजूला झुकलेलं असतं, नकाराकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली जगाच्या आरोग्यापुढच्या दहा धोक्यांत 'व्हॅक्सिन हेझिटन्सी'चा समावेश केला. तिची व्याख्या लस उपलब्ध असूनही ती घ्यायला उशीर लावणं किंवा ती नाकारणं अशी केली जाते. त्यात साशंक, घाबरलेले, उद्या-परवा करणारे, ठाम विरोधक असे सगळे येतात, म्हणून तिला 'लसविरोध' म्हणणं चूक आहे. हाच फरक साध्या बोलण्यातही आहे. 'डोन्ट हेझिटेट टू कॉल मी' म्हणजे निःसंकोच फोन करा. 'डोन्ट बी रिलक्टंट टू कॉल मी' म्हटलं की समोरच्याला मला फोन करायची इच्छा नाही, असं आपणच गृहीत धरल्यासारखं होतं. पहिलं आपुलकीचं, दुसरं चमत्कारिक.

'रेटिसंट'चं मूळ गप्प राहण्यात आहे. मितभाषी, मनातलं न सांगणारा. हल्ली इंग्रजीभाषकसुद्धा त्याला 'रिलक्टंट'च्या जागी बसवतात आणि काटेकोर संपादक ते खोडतात. तुम्ही खोडणाऱ्यांच्या बाजूला राहा, नुकसान नाही. 'लोथ' हा शब्द जुन्या वळणाचा आणि 'रिलक्टंट'पेक्षा कडक. पण शेवटी 'इ' हे अक्षर लावलंत तर तो 'लोद' होतो, म्हणजे तिरस्कार करणं, तेव्हा लिहिताना सांभाळा. 'ॲव्हर्स'मध्ये कायमचं वावडं आहे. एखाद्या वेळचं नको-नको नाही, स्वभावातलंच. 'ग्रजिंग'मध्ये पोटदुखी आहे: प्रतिस्पर्ध्याचं कौतुक तोंड वाकडं करून केलं तर ते 'ग्रजिंग प्रेझ'. 'रिकॅल्सिट्रंट' मुळात लाथा झाडणारा. आपला अडेलतट्टू त्याच्या जागी अगदी फिट्ट बसतो.

व्याकरण फार नाही. 'रिलक्टंट'नंतर 'टू' आणि क्रियापदाचं मूळ रूप: 'रिलक्टंट टू गो'. 'रिलक्टंट फॉर गोइंग', 'रिलक्टंट ऑफ गोइंग' ही चूक. नाम 'रिलक्टन्स', त्यालाही 'टू'च लागतो. 'विथ ग्रेट रिलक्टन्स' म्हणजे मोठ्या नाखुशीने. नामाच्या आधी हा शब्द मोकळेपणाने येतो: 'अ रिलक्टंट स्माइल' म्हणजे आवरून आवरलं नाही असं हसू, 'अ रिलक्टंट यस' म्हणजे ओढून काढलेला होकार, 'रिलक्टंट रीडर' म्हणजे वाचता येतं पण वाचायला नको असतं असं मूल. निर्जीव वस्तूंनाही लागतो. गंजलेलं कुलूप 'रिलक्टंटली' उघडतं. उच्चारात जोर 'लक्'वर. पुष्कळ जण 'रिलेक्टंट' म्हणतात, ते सोडा.

आता थोडं आडवळण. विजेचं शिक्षण घेतलेल्यांना 'रिलक्टन्स' वेगळ्याच ठिकाणी भेटलेला असतो. चुंबकीय परिपथात चुंबकीय प्रवाहाला होणारा विरोध, त्याला हे नाव ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1888 साली दिलं. विद्युत परिपथात जसा 'रेझिस्टन्स', तसा इथे 'रिलक्टन्स'. लोखंडाचा कमी, हवेच्या फटीचा कितीतरी जास्त. पण हवेची फट आली म्हणून प्रवाह अडून राहत नाही, कमी होतो, तरी जातोच. या तत्त्वावर मोटारीही चालतात: रिलक्टन्स मोटारीचा फिरता भाग जिथे हा विरोध सर्वात कमी असेल त्या स्थितीत यायला बघतो आणि त्या ओढीतून फिरतो. हेविसाइडने शब्द निवडताना नेमका काय विचार केला ते बाजूला ठेवू, पण विरोध आहे आणि तरीही प्रवाह थांबत नाही, हे माणसांच्या 'रिलक्टन्स'चंही बरोबर वर्णन आहे.

राहिला मेल. तुमचा सहकारी बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. शब्द उद्धट नाही. उलट इंग्रजी पत्रव्यवहारात तो नकार सौम्य करायला वापरतात. 'आय वुड बी रिलक्टंट टू कमिट टू अ डेट' याचा अर्थ 'मी तारीख देणार नाही', फक्त हातात हातमोजे घालून सांगितलेला. असं लिहिणारा माणूस सहसा सल्ला किंवा निर्णय देण्याच्या जागी असतो: सल्लागार, वकील, पुरवठादार. त्याचं मत विचारलेलं असतं आणि तो स्वतःचं मन कुठे झुकतं ते सांगतो. मीटिंगला येणं हे मात्र तुमचं कामच आहे, तिथे तुमच्या मनाचा कल कोणी विचारलेला नाही. 'आय ॲम रिलक्टंट टू अटेंड' वाचून साहेबांना एवढंच कळतं की याला यायचं नाही, पण येणार की नाही ते कळत नाही आणि का तेही कळत नाही. निकाल उघडा ठेवणारा शब्द तुम्ही अशा जागी वापरलात जिथे निकालच हवा होता.

येणं जमणार नसेल तर 'आय वोंट बी एबल टू अटेंड' आणि पुढे कारण. यायची तयारी आहे पण उपयोग वाटत नाही, असं असेल तर 'आय ॲम नॉट शुअर आय ॲम नीडेड ॲट धिस मीटिंग. शॅल आय सेंड माय नोट्स इन्स्टेड?' 'रिलक्टंट' वापरायचाच असेल तर मीटिंगला नको, कामाच्या एखाद्या मुद्द्याला वापरा आणि कारण जोडा: 'आय वुड बी रिलक्टंट टू चेंज द व्हेंडर नाउ, विथ द ऑडिट टू वीक्स अवे.' इथे तो शोभतो, कारण मत तुमचं आहे, ऑडिट तोंडावर असल्याचं कारण दिलेलं आहे, आणि साहेबांनी तरीही 'बदला' म्हटलं तर तुम्ही बदलाल हेही त्यात आहे. 'वुड बी' मात्र ठेवा. 'आय ॲम रिलक्टंट'पेक्षा त्याने सूर बराच उतरतो.